होडी केवढी, इंजिन केवढे?

(द्वितीय वर्ष, कला)

'आजचे युग हे वेगाचे युग आहे!' हे वाक्य दहावीच्या निबंधात मी लिहिले होते आणि बाईंनी त्याखाली लाल शाईने 'छान' असा शेराही दिला होता. वेग म्हणजे प्रगती, एवढेच तेव्हा ठाऊक होते. तोच वेग तीन-चार वर्षांनी एका छापील अर्जाचे रूप घेऊन आमच्या ओटीवर येईल आणि त्या अर्जातला एक रकाना मला महिनाभर भरता येणार नाही, असे त्या वेळी कोणी सांगितले असते तर मी हसले असते.

आमचे गाव मालवण तालुक्यातले, खाडीकाठचे. आजोबा रापणीवर होते. बाबांनी अनेक वर्षे मासेमारी केली आणि पर्यटक येऊ लागले तेव्हा एक सोळा फुटी फायबरची बोट घेतली. सहा प्रवासी आणि बोट हाकणारा माझा चुलतभाऊ, ज्याला मी दादा म्हणते, एवढी तिची माणसे. मागे पंचवीस अश्वशक्तीचे इंजिन. सुट्टीच्या दिवसांत मी सुरूच्या झाडाखाली टेबल टाकून बसते आणि आमच्या व शेजारच्या दोन-तीन बोटींच्या पावत्या फाडते. बाबा सातवी शिकलेले, आई चौथी. घरातून कॉलेजची पायरी चढलेली मीच पहिली. त्यामुळे घरात येणारा प्रत्येक सरकारी, निमसरकारी कागद माझ्यापुढे येऊन पडतो. हा अर्जही तसाच आला. पतसंस्थेचे कर्ज काढून साठ अश्वशक्तीचे इंजिन घ्यायचे बाबांच्या मनात आहे.

बाबा म्हणाले, "बाजूच्यांनी साठाचा इंजिन घातल्यानी. आमचा पंचवीसाचा बघून गिऱ्हाईक फुडे जाता. तू शिकलंस मां? मगे ह्यो अर्ज तूच लिही."

मी नाव लिहिले, पत्ता लिहिला, बोटीचा नोंदणी क्रमांक लिहिला. 'इंजिनाची शक्ती' या रकान्यापाशी मात्र पेन अडले.

ते का अडले, तेच या लेखात सांगायचे आहे. विषय कला शाखेच्या अंकात थोडा चमत्कारिक वाटेल. परंतु आपल्यापैकी कितीतरी जण सहलीला म्हणून तारकर्ली-देवबागला येतात, हौसेने बोटीत बसतात आणि "काका, जरा जोरात घ्या ना!" असे ओरडतात. तेव्हा हा विषय आपला सर्वांचाच आहे.

बाबांची बाजू आधी मांडते, कारण ती खोटी नाही. आमचा हंगाम तोकडा असतो. पावसाळ्यात जलपर्यटन बंद. उरलेल्या महिन्यांतही खरी गर्दी दिवाळी, नाताळ आणि मे महिन्याची. तेवढ्यात वर्षाचे घर चालवायचे, माझी फी भरायची, बोटीची डागडुजी करायची. गिऱ्हाईक किनाऱ्यावर उभे राहून कोणती बोट पाणी उडवत येते ते पाहते. बोटीच्या मागची फळी केवढी, तळ कसा, हे कोण विचारतो? वेग हीच आमची पाटी आणि वेग हीच आमची जाहिरात! अशा बाजारात ज्याचे इंजिन लहान तो मागे पडतो.

पण गेल्या नाताळच्या सुट्टीत मी जे डोळ्यांनी पाहिले, तेही खोटे नाही.

ज्या बोटीला नवे साठचे इंजिन बसले होते, तिची पावती मीच फाडली होती. आईवडील, आजी, दोन मुले आणि एक मामा असे सहा जण. बोट खाडीतून भरधाव परत येत होती. समोर अचानक दुसरी बोट आडवी आली, म्हणून चालकाने एकदम वेग तोडला. बोट थांबली, पण तिने स्वतःच मागे उठवलेली लाट थांबली नाही! ती लाट मागून आली आणि जड इंजिनाने आधीच खाली दबलेल्या फळीवरून सरळ आत शिरली. क्षणात बोट अर्धी भरली. दैव बरे, की तिथे पाणी छातीएवढेच होते आणि आमची माणसे धावली. सगळे वाचले. धाकट्या मुलीचा एक बूट तेवढा वाहून गेला.

किनाऱ्यावर आल्यावर त्या मुलीच्या वडिलांनी थरथरत एकच प्रश्न विचारला, "याला जबाबदार कोण?" मालकाने चालकाकडे बोट दाखवले. चालक म्हणाला, मी रोजावर आहे, इंजिन मी बसवलेले नाही. कोणी म्हणाले, विकणाऱ्याने सांगायला हवे होते. कोणी म्हणाले, तुम्हीच तर वेग मागत होता. शेवटी त्या गृहस्थांनी खिशातून भिजलेली पावती काढली आणि माझ्यापुढे धरली. तिच्यावर छापलेले होते : 'प्रवाशांनी स्वतःच्या जबाबदारीवर प्रवास करावा.' आणि त्याखाली सही होती माझी.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती बोट पुन्हा पाण्यात होती.

मोठ्या इंजिनाने नेमके बिघडते तरी काय? मी विज्ञानाची विद्यार्थिनी नाही. पण बोटीवर वाढलेल्या मुलीला यातले बरेचसे कळते आणि उरलेले ग्रंथालयात वाचून समजले. आउटबोर्ड इंजिन हे बोटीच्या मागच्या फळीला टांगलेले असते. पंचवीसचे इंजिन ढोबळमानाने पन्नास-साठ किलोंचे, तर साठचे शंभराच्या आसपास किंवा त्याहून जड. म्हणजे एक माणूस कायमचा मागच्या फळीवर बसवून ठेवल्यासारखे झाले. बोटीची मागची कड तेवढी पाण्याजवळ येते. शिवाय इंजिन बोटीला ढकलते ते त्याच फळीतून. पंचवीसच्या धक्क्यासाठी केलेली फळी साठचा धक्का रोज खाऊ लागली की बोल्टांच्या भोवती फायबरला बारीक चिरा पडतात, आत पाणी मुरते आणि फळी आतून कुजते. वरून रंग मात्र तसाच चकचकीत!

दुसरी गोष्ट वेगाची. वल्ह्याची जुनी होडी पाणी कापत जाते. फायबरची हलकी बोट वेग आला की पाण्यावर चढते आणि घसरत जाते. तेव्हा तिचा थोडासाच भाग पाण्याला टेकलेला असतो. ताकद प्रमाणाबाहेर झाली की नाळ वर उचलली जाते, चालकाला पुढचे दिसत नाही, बोट उड्या घेऊ लागते किंवा या कडेवरून त्या कडेवर डुलू लागते. अशात जोरात वळण घेतले तर बाकावरचा माणूस बाहेर फेकला जातो. बोटीला ब्रेक नसतो, हे तर आपण विसरतोच. ताशी ४० किलोमीटर वेगाने जाणारी बोट एका सेकंदात अकरा मीटर पुढे सरकते. पन्नास मीटरवर कोणी पोहत असेल तर चालकाच्या हाती साडेचार सेकंद असतात. आणि वेग २५ वरून ४० वर गेला की टकरीचा जोर दीडपट होत नाही, अडीचपट होतो. कारण तो वेगाच्या वर्गाने वाढतो, हे आपण शाळेत शिकलो आहोत.

ताबा सुटलेला वेग काय करतो, हे १८ डिसेंबर २०२४ रोजी मुंबईने पाहिले. इंजिनाची चाचणी चालू असलेली नौदलाची एक वेगवान बोट ताबा सुटून घारापुरीला निघालेल्या 'नीलकमल' या प्रवासी बोटीवर आदळली आणि एकूण १५ जणांचे प्राण गेले. तिथले इंजिन मापापेक्षा मोठे होते, असे मी मुळीच म्हणत नाही. पण जिथे शिकलेली माणसे आणि उत्तम सामग्री असते तिथेही हे घडते, तर रोजावरच्या पोराच्या हाती सपाट तळाची बोट आणि साठचे इंजिन देताना आपण किती विचार करावा?

मग कोणत्या बोटीला केवढे इंजिन चालेल, हे ठरवायचे कसे? अमेरिकेत १९७१ साली करमणुकीच्या बोटींच्या सुरक्षिततेचा कायदा झाला आणि नोव्हेंबर १९७२ पासून वीस फुटांच्या आतील नेहमीच्या घडणीच्या बोटींवर कारखान्यातच एक फलक लावणे सक्तीचे झाले. किती माणसे, किती वजन आणि जास्तीत जास्त किती अश्वशक्ती, हे त्यावर लिहिलेले असते. तो आकडा काढण्याची रीत इतकी सोपी आहे, की माझ्यासारख्या गणिताला घाबरणाऱ्या मुलीलाही जमली. बोटीची लांबी आणि मागच्या फळीची रुंदी फुटांत मोजायची आणि त्यांचा गुणाकार करायचा. आमची बोट १६ फूट आणि फळी ५ फूट, गुणाकार ८०. आता बोटीला चाकाचे सुकाणू असेल आणि फळी किमान २० इंच उंच असेल, तर ८० ची दुप्पट करून ९० वजा करायचे : उत्तर ७०. सुकाणूचे चाक नसून इंजिनाचा दांडा हाताने धरून बोट हाकायची असेल, तर तीच बोट ४० पर्यंत खाली येते. आणि तळ सपाट व कडा टोकदार असतील, तर फक्त २५!

वाचकहो, आमच्या बोटीला चाक नाही. दादा दांडा हातात धरून बसतो. तळ सपाट आहे. म्हणजे आज जे इंजिन आहे, तेच या हिशेबाने शेवटचे. हा अमेरिकेचा नियम आपल्याकडे लागू नाही, हे मला कळते. पण पाणी इथले असो की तिथले, ते बोटीला एकाच न्यायाने वागवते.

त्या देशातही सक्ती मुख्यतः बोट बनवणाऱ्यावर आहे. फलकापेक्षा मोठे इंजिन बसवणाऱ्या मालकाला आवर घालणारे कायदे अनेक राज्यांनी आपापले केले. आमच्याकडे मात्र मी इंजिन विकणाऱ्याला विचारले, "बोटीचे माप सांगू का?" तर तो म्हणाला, "माप कशाला? बोल्ट बसले की झालं!"

वेगाचे वेड काही आमच्या खाडीतच आहे असे नाही. इंग्लंडचा डोनाल्ड कॅम्बेल याने 'ब्लूबर्ड' या बोटीतून १९५५ ते १९६४ या काळात सात वेळा पाण्यावरील वेगाचा जागतिक विक्रम केला. एवढ्यावर समाधान न मानता १९६६ मध्ये त्याने त्याच जुन्या बोटीत अधिक ताकदीचे जेट इंजिन बसवले. योगायोग असा, की १९६५ च्या युद्धात गाजलेल्या आपल्या हवाई दलाच्या 'नॅट' विमानात असते त्याच जातीचे ते इंजिन होते. ४ जानेवारी १९६७ रोजी कॉनिस्टन सरोवरात ताशी ४८० किलोमीटरच्या वर वेग गेला असताना बोटीची नाळ हवेत उचलली गेली, बोट उलटली आणि तो मरण पावला. अपघाताची इतरही कारणे जाणकार सांगतात. मला त्याच्या धाडसाविषयी आदर वाटतो, कारण बोटीत तो एकटा होता. धोका त्याचा, निर्णय त्याचा आणि किंमतही त्याचीच. आमच्या बोटीत मात्र निर्णय घेतो मालक, पैसे घेतो दुकानदार, पावती फाडते मी. आणि धोका बसतो बाकावर, आईच्या मांडीवर!

माझे मत एवढेच आहे. मोठ्या इंजिनाचा फायदा ज्याला मिळतो आणि त्याचा धोका ज्याच्या वाट्याला येतो, ती माणसे निरनिराळी आहेत. म्हणून जबाबदारी कोणाची हा प्रश्न बोट बुडाल्यावर किनाऱ्यावर विचारायचा नसतो. तो इंजिन विकत घेताना, त्या रकान्यापाशी विचारायचा असतो.

कायदा काय म्हणतो, हे पाहण्यासाठी राज्यशास्त्राच्या सरांनी मला पुस्तक काढून दिले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत २८२ वे कलम बेदरकारपणे नौका हाकण्याविषयी आहे. २८४ वे कलम तर जणू आमच्याचसाठी लिहिले आहे : जिवाला धोका होईल अशा अवस्थेतल्या किंवा इतक्या भरलेल्या नौकेतून भाडे घेऊन माणसे नेणे हा गुन्हा आहे. त्यासाठी बोट बुडावी लागत नाही. कोणी दगावलेच तर १०६ वे कलम आहे. निष्काळजीपणामुळे मृत्यू घडला तर पाच वर्षांपर्यंत कैद. पूर्वीच्या दंड संहितेत हीच मुदत दोन वर्षे होती. 'स्वतःच्या जबाबदारीवर' हे छापील वाक्य फौजदारी न्यायालयात कोणाला सोडवत नाही. पैसे घेऊन सेवा देणाऱ्याला २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यापुढेही जाब द्यावा लागतो.

आणखी एक गोष्ट सरांनी दाखवून दिली. नोंदणीच्या कागदावर इंजिनाचा तपशील असतो. २०२१ च्या अंतर्देशीय जलयान कायद्यात नौकेत केलेला महत्त्वाचा बदल नोंदवून घेण्याची तरतूद आहे आणि विम्याचीही आहे. कागदावर पंचवीस आणि फळीवर साठ असेल, तर विमा कंपनी कोणता आकडा आधी वाचील, हे सांगायला वकील नको. अपघात झाला की कर्जाचे हप्ते, नुकसानभरपाई आणि खटला, तिन्ही एकाच घरावर येतील. ते घर माझे आहे.

हे नुसते पुस्तकातले नाही. ७ मे २०२३ रोजी केरळात तानूर येथे पर्यटकांची बोट बुडून २२ जण गेले; त्यांत मुलेच अधिक होती. ती मुळातली मासेमारीची बोट बदलून पर्यटनासाठी केलेली होती आणि तिच्यात प्रमाणाबाहेर माणसे भरली होती. पुढे मालकाला अटक झाली. बोटीच्या कागदपत्रांशी संबंध असलेल्या बंदर खात्याच्या अधिकाऱ्यांनाही झाली. आमच्या दारातली गोष्ट सांगायची तर २४ मे २०२२ रोजी तारकर्लीजवळ स्कुबाहून परतणारी बोट उलटली आणि दोन पर्यटक दगावले. या दोन्ही ठिकाणी दोष इंजिनाच्या आकाराचा होता असे नाही. परंतु बोट ज्या कामासाठी घडवली तिचे माप विसरले, की काय होते ते तानूरने दाखवले; आणि 'आजवर काही झाले नाही' या आमच्या आवडत्या उत्तराला किती अर्थ आहे, हे तारकर्लीने शिकवले.

यावर बाबांचा एक आक्षेप आहे आणि तो मला मान्य आहे. देवबागच्या टोकाला कर्ली नदी समुद्राला मिळते, तिथे ओहोटीला पाण्याची ओढ भयंकर असते. बाबा म्हणतात, "सुकतीची ओढ लागली काय पंचवीसाचा पुरा पडणा नाय." खरे आहे. अपुरे इंजिनही माणसे बुडवू शकते. पण त्यावर उपाय लहान बोटीला मोठे इंजिन लावणे हा नव्हे. सुकतीच्या वेळी लहान बोट त्या टोकाकडे नेऊ नये. न्यायचीच असेल तर मोठ्या इंजिनासाठी घडवलेली, उंच फळीची, चाकाच्या सुकाणूची बोट घ्यावी. अंथरूण पाहून पाय पसरावे, हे आपण पैशाबाबत सांगतो. मग पाण्याबाबत का सांगू नये?

टीका करणे सोपे असते, म्हणून चार गोष्टी सुचवते. प्रत्येक पर्यटक बोटीवर मराठीत, ठळक अक्षरांत तीन आकडे रंगवलेले असावेत : माणसे किती, वजन किती, इंजिन केवढे. नोंदणीच्या कागदावर तेच आकडे असावेत. इंजिन विकणाऱ्याने बोटीचे माप बिलावर लिहावे, म्हणजे उद्या त्यालाही 'मला काय ठाऊक' म्हणता येणार नाही. आणि इंजिनाबरोबर येणारी लाल दोरी चालकाने अंगाला अडकवावी. चालक पाण्यात पडला की ती निसटते आणि इंजिन बंद होते. नाहीतर बिनचालकाची बोट गोल फिरून त्याच्याच अंगावर पंखा घेऊन येऊ शकते. अमेरिकेत १ एप्रिल २०२१ पासून लहान बोटींवर ही दोरी वापरणे सक्तीचे झाले आहे. आमच्या बोटीची दोरी इंजिनालाच गाठ मारून कायमची बांधून ठेवलेली होती. "हाताला अडचण होता," असे दादा म्हणायचा. ती गाठ मी सोडली आहे.

आकडे रंगवण्याचे काम आपल्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात सहज होईल. रंगाचा एक डबा आणि दोन ब्रश पुरतील. प्राध्यापक मंडळींनी मनावर घ्यावे, ही नम्र विनंती.

आता अर्जाचे सांगते. मागच्या रविवारी मी टेप आणली. बाबांनी एक टोक धरले, दादाने दुसरे. १६ फूट आणि ५ फूट. पावतीपुस्तकाच्या पाठकोऱ्या बाजूवर मी गणित मांडले आणि खाली २५ लिहून त्याभोवती गोल काढला. बाबा बराच वेळ त्या आकड्याकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "त्या दुकानदारान माका ह्या कित्याक नाय सांगल्यान?"

मी उत्तर दिले नाही. त्या नाताळात मीही त्या सहा जणांना काही न सांगताच पावती फाडली होती.

बाबांनी अजून काही ठरवलेले नाही. शेजारची बोट भरून जाते, आमची कधी कधी रिकामी उभी राहते. आणि पुढच्या वर्षाची माझी फी त्याच बोटीतून यायची आहे, हे मी विसरलेले नाही. रकाना अजून कोरा आहे. पण तो माझ्या हाताने भरला जाणार असेल, तर बोटीचे माप पाहूनच भरला जाईल. 'स्वतःच्या जबाबदारीवर' ही ओळ मात्र मी आमच्या पावत्यांवरून पेनाने खोडायला सुरुवात केली आहे. एका पुस्तकात शंभर पावत्या असतात. दोन पुस्तके झाली आहेत.

मित्रमैत्रिणींनो, तुम्ही सुट्टीत आमच्याकडे याल तेव्हा बोटीत पाय ठेवण्यापूर्वी एकदा मागच्या फळीकडे पाहा आणि विचारा, "होडी केवढी, इंजिन केवढे?" बोटवाल्याला राग आला तरी चालेल. विचारणारे वाढले, तर लहान इंजिनाची आमची बोटही भरेल.